दालातच्या चहाची बरणी

१

यूनुसभाईंनी गोल गरगरीत बरणीचं झाकण काढलं, ती परातीवर उलटी केली आणि बुडावर दोन थापा मारल्या. काळाभोर, बारीक वळलेला चहा भसकन खाली आला आणि मोगऱ्याचा वास हॉलभर पसरला. चेहऱ्यावर जादूगाराचं हसू आणून त्यांनी परातीत बोटं फिरवली. मग जरा जास्त फिरवली. मग दोन्ही हातांनी चहा उपसायला लागले आणि ते हसू कुठल्या कुठे गेलं.

"अब्बा, काय शोधताय?" जावई फैजने विचारलं.

"अंगठी. मरियमची. ह्यातच होती. मी माझ्या हाताने टाकली होती."

रिकामी प्लॅस्टिकची बरणी त्यांच्या हातातून सुटली, गालिच्यावरून गडगडत गेली आणि परेशच्या पायाशी जाऊन थांबली.

बर दुबईतल्या लेकीच्या फ्लॅटमध्ये दुपारची जेवणं नुकतीच आटोपली होती. यूनुस होडेकर आज संध्याकाळच्या विमानाने मुंबईला आणि तिथून रत्नागिरीला निघाले होते, कायमचे. हमरियाच्या पाईप कंपनीतली नोकरी संपली, व्हिसा संपला, खलास. निरोपाला घरचीच माणसं होती. मुलगी हुमेरा, जावई फैज, थोरली बहीण मैमुनाबी आणि परेश घाडी. परेश देवगडचा. त्याच कंपनीत क्रेन चालवायचा आणि अर्धं आयुष्य यूनुसभाईंच्याच खोलीत त्यांच्या शेजारच्या खाटेवर झोपायचा. त्यालाही घरचाच म्हणायचं.

"चहात अंगठी? हा काय प्रकार?" मैमुनाबी म्हणाल्या. "चहात कुणी अंगठी ठेवतं का रे?"

फैजनेही भुवया उंचावल्या. हुमेरा दाराला टेकून उभी होती. एकट्या परेशला काही नवल वाटलेलं दिसलं नाही. तो खाली वाकला, पायाशी आलेली बरणी उचलली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

अंगठी चहात आहे हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. एक यूनुसभाई स्वतः. दुसरा परेश. यूनुसभाईंनी परातीवरून मान वर केली आणि परेशकडे बघितलं.

२

ज्याने बेडस्पेसमध्ये, म्हणजे एका खोलीत आठ खाटांमध्ये, दिवस काढले आहेत तो सोनं कपाटात ठेवत नाही. कपाटाची किल्ली प्रत्येकाकडे असते. तो ते तांदळाच्या डब्यात ठेवतो, मसाल्यात ठेवतो, नाहीतर चहात. यूनुसभाईंना ही खोड जडली होती, आणि जित्याची खोड तुम्हाला माहीतच आहे.

अंगठी साधीच होती, एका हिरव्या खड्याची. मरियमबी गेल्यापासून ती त्यांच्या गळ्यातल्या दोऱ्यात असायची. मरियमबी व्हिजिटवर दुबईला यायच्या तेव्हा त्यांची एकच तक्रार असे. "तुमच्या ह्या गावात एक तरी चढ असावा की नाही? बस नुसती सरळ पळते." रिटायर झालो की तुला जिथे बस फक्त चढतच राहते अशा मुलखात नेईन, असा यूनुसभाईंनी शब्द दिला होता. शब्द राहिला, मरियमबी राहिल्या नाहीत. मग गेल्या महिन्यात त्यांनी पाठीवर सॅक टाकली, गळ्यात अंगठी घातली आणि सोबत परेशला घेऊन व्हिएतनाम गाठलं. हुमेरा म्हणाली, "अब्बा, ह्या वयात बॅकपॅकिंग?" परेश म्हणाला, "ह्या वयात नाही तर काय वर गेल्यावर?"

दा नांगहून कोन तुम, तिथून प्लेकू, मग बुओन मा थुओत आणि शेवटी दालात. सगळा प्रवास बसचा. वळणं अशी की आंबोलीचा घाट त्यापुढे अंगण वाटावं. बस वर वर चढायची तशी परेशची वेफर्सची पाकिटं फुगून उशीसारखी व्हायची. परेश ती डोक्याखाली घेऊन म्हणायचा, "बघ, सरकारी खर्चाने उशी." यूनुसभाईंना भीती, की फट्कन फुटतील आणि लोक म्हणतील हिंदुस्थानी आले, बॉम्ब घेऊन आले. त्या पाकिटांचे दोघांनी दात काढत फोटो काढले होते.

दालात म्हणजे ढगात वसवलेलं गाव. तिथे एका दुकानातल्या म्हातारीने मोगऱ्याच्या वासाचा चहा त्यांच्यासमोर पातळशा बरणीत भरला. रात्रभराची झोपायची बस पकडायची होती आणि तिच्यात चोऱ्या होतात असं कुणीतरी कानात घातलं होतं. यूनुसभाईंनी गळ्यातली अंगठी काढली, चहात खोल दाबली आणि रबराच्या चकतीचं झाकण दात-ओठ खाऊन आवळून बरणी सॅकमध्ये ठेवली. "झाली तुझी बँक," परेश म्हणाला होता.

आता त्यांना आठवला तो त्याच बसचा थांबा. त्या बसमध्ये चढताना बूट काढून पिशवीत घालावे लागतात आणि वाटेत थांबलं की उतरणाऱ्यांसाठी खाली लाल प्लॅस्टिकच्या चपलांचा ढीग ओतून ठेवतात. अंधारात यूनुसभाईंनी घातल्या त्या दोन्ही डाव्या निघाल्या. बदकासारखे चालत ते लघवीला जाऊन आले, दाराशी चपला काढून ड्रायव्हरकडचं पाणी प्यायले आणि आपल्या जागेशी पोचले, तर परेश त्यांची सॅक मांडीवर घेऊन बसलेला. चेन अर्धी उघडी. "काय रे?" विचारलं, तर म्हणाला, "काही नाही, शाल शोधत होतो." शाल त्याच्या गळ्यातच होती.

तेव्हा हसू आलं होतं. आज आलं नाही.

३

मैमुनाबींनी खालच्या मजल्यावरून नर्मदाताई तांडेलना बोलावून आणलं. नर्मदाताई जबल अलीला कार्गो सर्व्हेयर. बोटीवरून आलेला माल बिघडला, की तो कुठे बिघडला हे ठरवणं त्यांचं काम. भरला तिथे, वाटेत, की गोदामात? तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि नर्मदाताई मधे चष्मा पुसत उभ्या असतात.

"पोलीस नको," यूनुसभाई आधीच म्हणाले. "घरातली गोष्ट आहे."

"मग बसा सगळे. मी माणसांना नाही विचारत, मी मालाचा प्रवास विचारते," नर्मदाताई म्हणाल्या. त्यांनी परेशच्या हातातली बरणी घेतली, बोटांनी दाबून बघितली, टेबलावर उभी केली. "एअरपोर्टवरून बॅग कुणी आणली?"

"मी," फैज म्हणाला. "गाडीच्या डिकीत ठेवली, वर आणली, हॉलमध्ये ठेवली. फिनिश. ताई, मला चहाची बरणी आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. चहाशी माझा संबंध म्हणजे आज दुपारी ड्युटीवरून येताना पावडरचं पाकीट आणलं, तेवढाच. काल रात्रीच संपली होती, हुमेराचे तीन व्हॉइस मेसेज आले."

"मग बॅग कुणी उघडली?"

"मी आणि यूनुसने," मैमुनाबी सरसावल्या. "आणि तेव्हाच मी ह्याला म्हटलं, यूनुस, फसवलं तुला त्या बाईने. गालफडं बसलेली बरणी गळ्यात मारली. चारी बाजूंनी पोचे! एवढं जग फिरून आला आणि धड बरणी बघून घेता येत नाही. हा म्हणतो, राहू दे, आपा, हा चहा गावी न्यायचाय, कुणी हात लावू नका. म्हणून मी स्वयंपाकघरात फळीवर ठेवली. चहा चहाच्या जागी."

"आणि आज सकाळी?"

"मी आणि आपा मीना बाजारात होतो," यूनुसभाई म्हणाले. "गावच्या पोरींसाठी ओढण्या घ्यायला. फैज ड्युटीवर. हुमेरा घरी होती. आणि..." ते थांबले.

"आणि मी," परेश म्हणाला. "कार्टन बांधायला आलो होतो."

नर्मदाताईंनी मान डोलावली. सकाळी त्या स्वतःही येऊन गेल्या होत्या. दुबईहून गावी निघालेल्या माणसाचं सामान कधी त्याचं एकट्याचं नसतं. बिल्डिंगमधला प्रत्येकजण एक पुडकं घेऊन येतो आणि म्हणतो, "छोटंसंच आहे." नर्मदाताईंचंही होतं, भाट्याच्या मावशीसाठी गुडघ्याचा पट्टा.

"हुमेरा, तू बरणीला हात लावलास?" मैमुनाबींनी भाचीला विचारलं.

हुमेराने तोंड उघडलं. तेवढ्यात परेश उठून उभा राहिला.

"उगाच त्या पोरीला कशाला विचारता? बरणी मी उघडली होती."

४

यूनुसभाईंना वाटलं, आपल्याला ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं.

"बसमध्ये," परेश खिडकीबाहेर बघत म्हणाला. "चहाचा वास घ्यावासा वाटला. झाकण काढलं, चिमूटभर चहा हातावर घेतला. त्यातच अंगठी पडली असणार. अंधार होता. आज बरणी उलटी झाल्यावर माझ्या लक्षात आलं."

"कुठे उघडलीस? घाटात?" नर्मदाताईंनी सहज विचारलं.

"नाही, घाट उतरल्यावर. सपाटीवर. सायगॉन जवळ आलं होतं."

"काका..." हुमेरा पुढे आली.

"तू गप्प बस. मोठ्यांचं चाललंय," परेश तिच्यावर खेकसला. ह्या मुलीवर तो जन्मात कधी ओरडला नव्हता. तिच्या लग्नात जेवणावळीत वाढायला उभा राहिलेला माणूस तो.

यूनुसभाई खाली परातीकडे बघत होते. त्यांना रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि ह्या दोन्हींत जास्त काय आहे ते कळत नव्हतं. आजारपणात ह्याच परेशने त्यांना पेज भरवली होती. मरियमबी गेल्याचा फोन आला तेव्हा विमानाच्या तिकिटासाठी हाच कंपनीत साहेबाच्या केबिनबाहेर ठाण मांडून बसला होता. असा माणूस चोरी करणार नाही. पण मग चेन उघडी का होती? शाल गळ्यात असताना शाल कशाला शोधत होता? एकदा मनात संशय शिरला की तो पाहुण्यासारखा लवकर उठत नाही.

"तेव्हाच सांगायचंस," ते शेवटी म्हणाले. "मी काय केलं असतं? शिव्या दिल्या असत्या. दिल्या असत्या आणि विसरलो असतो. आता मी जाणार, परेश. हे घेऊन जाऊ का मी गावी?"

परेश पुन्हा खिडकीकडे वळला.

"जा तू," यूनुसभाई म्हणाले. "एअरपोर्टवर येऊ नकोस."

परेशने कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवल्या. त्याचा हात दाराच्या कडीवर गेला, तेव्हा नर्मदाताई म्हणाल्या, "परेशभाऊ, दोन मिनिटं थांबा. तुम्ही साफ खोटं बोलताय."

५

"यूनुसभाई, तुमच्या फोनमधले ते उशीचे फोटो दाखवा," नर्मदाताई म्हणाल्या.

यूनुसभाईंनी गोंधळून फोन काढला. परेश, डोक्याखाली दोन टरटरून फुगलेली पाकिटं, आणि दात.

"ही का फुगली?"

"डोंगरामुळे. वर हवा विरळ ना."

"बरोबर. खालची हवा आत कोंडून वर गेलात, म्हणून पाकीट फुगलं. आता उलटं करा. वर दालातला बरणी घट्ट बंद केलीत, विरळ हवा आत कोंडली, आणि खाली समुद्राकाठी आणलीत. काय होणार? बाहेरची हवा तिला दाबणार. तुमच्या म्हातारीने धडच बरणी दिली होती, तिला पोचे घाट उतरताना पडले. आमच्याकडे डोंगरातून भरून आलेले कॅन असे रोज येतात, आणि गोदामवाले मला सांगतात की जहाजावर कुणी लाथा मारल्या."

मैमुनाबींनी 'या अल्लाह' म्हणून गालावर हात ठेवला.

"अशी बरणी खाली कुठेही एकदा उघडली, की हवा आत जाते आणि ती पुन्हा गोल होते. परेशभाऊ म्हणतात, सायगॉनजवळ सपाटीवर उघडली. तसं असतं तर दुबईत ती गोल गरगरीत आली असती. पण आपांनी बॅगेतून काढली तेव्हा तिची गालफडं बसलेली होती. म्हणजे दालातपासून ह्या घरापर्यंत तिला कुणीच उघडलेलं नव्हतं. आणि आज?" त्यांनी टेबलावरची बरणी बोटाने ढकलली. ती तुरुतुरु गोल फिरली. "आज झाकण काढायच्या आधीच ती अशी गोल होती ना, यूनुसभाई? पोचे आपोआप जात नाहीत, म्हणजे झाकण त्याआधीच कुणीतरी काढलं होतं. माल वाटेत बिघडलेला नाही. बरणी ह्या घरात उघडली गेली."

यूनुसभाई परेशकडे बघायला लागले. परेशने कडीवरचा हात काढलेला नव्हता. त्याच्या तोंडावर सुटलेल्या माणसाचा आनंद दिसायला हवा होता, तर त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"मग मी इथे उघडली असेल," तो घाईने म्हणाला. "सकाळी मी इथेच होतो ना? आज सकाळी!"

"बघा, केवढी हौस चोर व्हायची," नर्मदाताई हसल्या. "न केलेलं जो अंगावर घेतो, त्याला कुणाला तरी वाचवायचं असतं. पण हेही जमणार नाही. तुम्ही कार्टन घेऊन लिफ्टमधून बाहेर आलात तेव्हा मी लिफ्टची वाट बघत उभी होते, आठवतं? आणि तोवर बरणी उघडून झाली होती."

"तुम्हाला काय माहीत?" फैजने विचारलं.

"कारण मी तो चहा प्यायले." नर्मदाताईंनी हुमेराकडे बघितलंच नाही, परातीतला चिमूटभर चहा उचलून नाकाशी धरला. "घरातली पावडर काल रात्रीच संपलेली, नवीन आली दुपारी. पण सकाळी मला चहा मिळाला. दूध घातलेला, वेलची घातलेली आणि वास मोगऱ्याचा. खरं सांगू? उदबत्ती उकळून प्यायल्यासारखं वाटलं. पण प्यायले. माझ्या कपासाठीच ही बरणी उघडली, यूनुसभाई. पाहुण्याला बिनचहाचं पाठवायचं नाही, ही ह्या घराची रीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं मी मघापासून स्वतःचीच चौकशी करत होते."

मग चष्मा पुसत त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "हुमेरा, बेटा, सकाळचं राहिलंय ते आणतेस?"

६

हुमेरा आत गेली. आली तेव्हा तिच्या हातात फक्त बशी होती. बशीत हिरव्या खड्याची अंगठी.

"चमच्याबरोबर वर आली," ती म्हणाली. "मी ओळखली. मैमुनाफुफी म्हणाल्या होत्या, राजिवड्याच्या त्या विधवा बाईंचं स्थळ आलंय, आणि तुम्ही बघू म्हणालात. मला वाटलं, अम्मीची अंगठी लपवून तिच्यासाठी नेताय. म्हणून... मी सांगणार होते, अब्बा. तुम्ही परात मांडलीत आणि माझी जीभच उचलेना. मग काका मधे बोलले. काका, मला माफ करा."

"सकाळी मी पाणी प्यायला आत गेलो," परेश जमिनीकडे बघत म्हणाला, "तर ही मूठ आवळून ओट्याशी उभी. डोळे लाल. म्हणे कांदा चिरतेय. कांदा कुठेच नव्हता. परातीत अंगठी नाही दिसली तेव्हा कळलं. म्हटलं, बाप कायमचा चाललाय. लेकीवर रागावून का जाईल? माझ्यावर रागावला तरी चालेल. माझी सवय आहे."

यूनुसभाईंना एकदम हसू फुटलं, आणि त्यातच डोळे वाहायला लागले.

"अगं वेडे, तुला एवढी वर्षं झाली ह्या घरात, 'बघू' म्हणजे 'नाही' हे तुला कळू नये? आपापुढे नाही म्हणायची कुणाची छाती आहे? मला जिना चढवत नाही, मी निकाह करतोय!"

"बरं बरं," मैमुनाबी पुटपुटल्या. "मी आपलं चांगल्यासाठीच..."

"आणि ही तुझ्यासाठीच होती. म्हणून तर सगळ्यांना बसवलं होतं. चहा ओतायचा, अंगठी टुणकन पडायची आणि तुला म्हणायचं, उचल, अम्मीचा घाट बघून झाला, आता ती तुझ्याकडे राहायला आलीय. गावी घेऊन जातो हे खोटंच सांगितलं, कुणी बरणी उघडू नये म्हणून." त्यांनी अंगठी उचलून लेकीच्या बोटात घातली. ती थोडी सैल झाली. "तुझ्या अम्मीलाही सैलच होत होती," ते म्हणाले. "दोरा गुंडाळायची ती."

हुमेरा त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. फैज उगाचच परात उचलून आत गेला.

यूनुसभाई परेशसमोर जाऊन उभे राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती त्यांनी, आणि तीही कुठल्या संन्याशाला! आयुष्यभर ह्या माणसाची माफी मागायची वेळ आली नव्हती, त्यामुळे कशी मागतात ते ठाऊक नव्हतं.

"परेश, मी तुला जा म्हणालो."

"मग? कुठे गेलो?"

"पण मला एक सांग. ती चेन. शाल तुझ्या गळ्यात होती."

परेशचे कान लाल झाले. त्याने नर्मदाताईंकडे बघितलं, मैमुनाबींकडे बघितलं आणि कुरकुरत बांधलेल्या सॅककडे गेला. तळाच्या खणाची चेन त्याने उघडली. हा खण कपड्यांनी कधी भरत नाही आणि म्हणून कुणी बघतही नाही. आत एक प्लॅस्टिकची पिशवी होती, बसमध्ये बूट ठेवायला देतात तसली. पिशवीतून निघाल्या लाल प्लॅस्टिकच्या चपला. दोन्ही डाव्या.

"तू त्या काढून बसमध्ये चढलास, तेव्हा मी मागच्या दाराने उतरून उचलल्या," परेश म्हणाला. "तुझ्या सॅकमध्ये लपवत होतो. म्हटलं, गावी जाऊन बॅग उपसशील तेव्हा मिळतील. एवढ्या वर्षांत एकच चोरी केली, तीही धड जोडी नाही."

नर्मदाताईंनी चष्मा डोळ्यांवर चढवून तो माल नीट तपासला. "चोरी बसमध्येच झाली म्हणायची," त्या म्हणाल्या. "केस क्लोज."

निघायची वेळ झाली. फैजने कार्टन खाली नेली, हुमेराने सगळ्यांना चहा दिला, ह्या खेपेला पावडरचा. मैमुनाबी अंगठीला दोरा गुंडाळत बसल्या. यूनुसभाईंनी लाल चपलांतली एक सॅकमध्ये ठेवली आणि दुसरी परेशच्या हातात दिली.

"डाव्या पायाची मी काय करू?" परेश म्हणाला.

"ठेव. माझ्याकडचीही डावीच आहे. देवगडला आलास की रत्नागिरीला येशील ना? तेव्हा दोघं मिळून घालू आणि बदकासारखे समुद्रापर्यंत चालू."

"इन्शाल्ला," परेश घाडी म्हणाला आणि चप्पल काखेत मारून, यूनुसभाईंची सॅक स्वतःच्या पाठीवर टाकून एअरपोर्टला निघाला.